थंडीत जुनी डिझेल गाडी उशिरा सुरू होते: इंजिन खोलण्याआधी काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात वर्तकनगरला राहणाऱ्या एका गृहस्थांकडे त्यांच्या वडिलांनी २००३ साली घेतलेली डिझेल गाडी आहे. डिसेंबर लागला की सकाळी सातच्या सुमारास ती सुरू होण्यासाठी चार-पाच वेळा सेल्फ मारावा लागतो, पांढरा धूर पहिल्या मजल्यापर्यंत जातो आणि पहिले मिनिटभर इंजिन मिसिंग करत थरथरते. दुपारी मात्र तीच गाडी एका सेल्फात सुरू होते. त्यांच्या नेहमीच्या फिटरने ‘कॉम्प्रेशन गेले आहे, इंजिन खोलावे लागेल’ (म्हणजे सिलिंडरमध्ये हवा पुरेशी दाबली जात नाही) असे सांगितले असून त्याने काढलेला खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळ जातो. हा थंडीचा परिणाम आहे की इंजिनाचे आयुष्य संपले आहे, असे त्यांनी विचारले आहे.

वागळे इस्टेटमध्ये डिझेल इंजिने आणि पंप यांचेच काम मी गेली सत्तावीस वर्षे करतो आहे. आपण दिलेली लक्षणे वाचून माझे मत असे झाले आहे की दोष केवळ थंडीचा नाही आणि इंजिन संपले असण्याची शक्यताही कमी आहे. काही तपासण्या केल्याशिवाय इंजिनाला हात लावू देऊ नये, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

ठाण्यात जानेवारीतल्या पहाटेही पारा बहुतेक दिवस १५ ते १८ अंशांच्या आसपास असतो. येऊरच्या पायथ्याशी किंवा उपवनकडे तो एखाद-दोन अंशांनी उतरत असेल. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदला गेलेला नीचांकही ७.४ अंशांचा आहे आणि तो २२ जानेवारी १९६२ या दिवशीचा आहे. आपल्या गाडीसारखे इंजिन निरोगी असेल, तर १६ अंशांना ते दोन-तीन सेकंदांच्या सेल्फात सुरू झालेच पाहिजे. ते होत नसेल, तर वर्षभर झाकून राहिलेला एखादा दोष त्या आठ-दहा अंशांच्या घसरणीमुळे उघडा पडलेला असतो.

तो कसा झाकलेला राहतो हे समजण्यासाठी डिझेल इंजिन पेटते कसे ते थोडे पाहावे लागेल. यात ठिणगी नसते. पिस्टन हवेला दाबून तिचा आकार सुमारे बावीसाव्या हिश्शावर आणतो, त्या दाबाने हवा काही शे अंशांपर्यंत तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. डिझेल अडीचशे अंशांच्या आतबाहेरच स्वतःहून पेटू शकते, हे खरे आहे. परंतु सेल्फवर फिरणाऱ्या इंजिनात त्याला पेटण्यासाठी सेकंदाचे एक-दोन शतांशच मिळतात, म्हणून हवा त्याहून बरीच अधिक तापलेली असावी लागते. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हवा दाबली की सुरुवातीच्या तापमानातला फरकही वाढतो, आणि तो अडीच ते तीन पट होतो. दुपारची ३२ अंशांची हवा आणि पहाटेची १६ अंशांची हवा यांत आपल्याला सोळाच अंशांचे अंतर दिसते, पण दाबाच्या शेवटी ते चाळीस-पन्नास अंशांचे झालेले असते. त्यात रात्रभर गार पडलेले हेड (सिलिंडरांवरचे झाकण) आणि सिलिंडरच्या भिंती उष्णता शोषून घेतात.

त्या काळच्या इंडिका, सुरुवातीच्या सुमो, क्वालिस यांसारख्या गाड्यांची इंजिने प्रीचेंबरची आहेत. आपण केलेल्या वर्णनावरून आपलेही तसेच दिसते. यात डिझेल थेट पिस्टनवर न पडता हेडमधल्या एका लहान खोलीत पडते. ही खोली अरुंद असते आणि आतल्या हवेच्या मानाने तिच्या भिंतींचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे गार इंजिनात हवेची उष्णता तिथे झपाट्याने निघून जाते. ती भरून काढण्यासाठीच प्रत्येक सिलिंडरला एक हिटर प्लग दिलेला असतो. त्याचे टोक काही सेकंदांत लालबुंद होऊन आठशे अंशांच्या पुढे जाते आणि फवाऱ्याचा काही भाग त्याच्या आसपास पेटतो. नंतर आलेल्या कॉमन रेल इंजिनांत डिझेल थेट सिलिंडरमध्ये आणि फार मोठ्या दाबाने सोडले जाते, म्हणून ती इंजिने आपल्याकडच्या हवेत हिटर प्लगवर इतकी अवलंबून नसतात. आपले इंजिन मात्र असते.

आता ठाण्याच्या हवेचा खेळ पाहा. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात सकाळीसुद्धा हवा पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपास असते. तेवढ्यात चारपैकी एक हिटर प्लग जळला, तर उरलेल्या तिघांवर इंजिन सुरू होते आणि चौथा सिलिंडर दोन-चार फेऱ्यांनंतर साथीला येतो. पुढच्या वर्षी दुसरा जातो. सेल्फ अर्धा सेकंद जास्त मारावा लागतो, पण ते कोणाच्या ध्यानात येत नाही. मग एखाद्या डिसेंबरात पारा उतरतो आणि एकाच जिवंत प्लगवर चार सिलिंडर चालू करण्याची वेळ येते. मालकाला वाटते की गाडी अचानक बिघडली. प्रत्यक्षात बिघाड दोन-तीन वर्षे हळूहळू चाललेला असतो. नाशिककडच्या गाड्यांचे मालक हा दोष लवकर पकडतात, कारण निफाडच्या थंडीत एक प्लग गेला तरी गाडी लगेच तक्रार करते.

डॅशबोर्डवरचा पिवळा, वेटोळ्याच्या आकाराचा दिवा लागतो आणि विझतो, म्हणून हिटर ठीक आहेत, असे आपण लिहिले आहे. नेमकी इथेच बहुतेकांची फसगत होते. या पिढीच्या बहुतेक गाड्यांत तो दिवा टायमरच्या हिशोबाने लागतो व विझतो. चारही प्लग मेलेले असले, तरी तो तितक्याच शिस्तीने लागेल. त्याच्यावर विसंबू नये.

प्लगची तपासणी घरी, पार्किंगमध्ये, पंधरा मिनिटांत होते. चारही प्लगांना वीज पुरवणारी एक धातूची पट्टी असते, ती नट सोडवून पूर्ण बाजूला काढावी. नाहीतर एका प्लगचे माप घेताना बाकीच्यांचेही माप त्यात मिसळते. नंतर मल्टिमीटरने प्रत्येक प्लगचे टोक आणि इंजिनाचा धातू यांच्यामधला रोध पाहावा. चांगला प्लग थंड असताना साधारण एक ओहमच्या आत दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल, तर आतली तार तुटली आहे. मीटर नसेल, तर बॅटरीच्या धन टोकाला टेस्ट लॅम्पचे एक टोक जोडून दुसरे प्लगच्या टोकाला लावावे. दिवा लागला तर तार अखंड आहे, न लागला तर प्लग मेला आहे. ही चाचणी तार तुटल्याचे सांगते, प्लग पुरेसा तापतो की नाही ते सांगत नाही. त्यासाठी क्लॅम्प मीटरने विद्युतप्रवाह पाहावा लागतो. बारा व्होल्टचा चांगला प्लग स्थिरावल्यावर दहा ते पंधरा अँपिअरच्या आसपास ओढतो. चारही प्लग ठीक निघाले, तर दिवा चालू असताना त्या पट्टीवर बारा व्होल्ट येतात का ते पाहावे. ते येत नसतील, तर दोष रिलेत (प्लगांना वीज जोडणाऱ्या स्विचमध्ये) किंवा मोठ्या फ्यूजमध्ये आहे. नवी मुंबईच्या खाडीकाठच्या वस्त्यांमधून येणाऱ्या गाड्यांत रिलेची टोके हिरवी पडलेली मी नेहमी पाहतो. प्लग नवे आणि रिले गंजलेला, अशी जोडी तिथे दुर्मीळ नाही.

प्लग बदलायचे ठरले, तर चारही एकदम बदलावेत. एक गेला म्हणजे त्याच वयाचे बाकीचे रांगेत उभे आहेत, आणि चौघांची किंमत एका बॅटरीपेक्षा पुष्कळच कमी असते. काढताना मात्र घाई करू नये. इंजिन कोमट असावे, आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल घालून ठेवावे आणि पाना जड लागला, तर थोडे घट्ट, थोडे सैल करत काजळी मोकळी करावी. हेडमध्ये तुटून अडकलेला प्लग काढण्यासाठी हेड उतरवावे लागू शकते, आणि तेव्हा फिटरचे भाकीत भलत्याच कारणाने खरे ठरते. काढलेल्या प्लगच्या टोकाकडे नीट पाहावे. एखादेच टोक फुगलेले किंवा वितळलेले दिसले, तर त्या सिलिंडरचे नोझल (डिझेल सोडणारी तोटी) फवारा न मारता थेंब गाळत असण्याची शक्यता आहे. तेही तपासून घ्यावे. नवा प्लग त्याच व्होल्टचा आहे याची खात्री करावी, कारण कमी व्होल्टचा प्लग बारा व्होल्टवर पहिल्याच दिवशी जळतो.

दुसरी गोष्ट सेल्फच्या वेगाची. हवा हळू दाबली गेली, तर ती पिस्टनच्या रिंगांमधून निसटते आणि तिची उष्णताही भिंतींना जाते, म्हणून मंद फिरणारे इंजिन कॉम्प्रेशन उत्तम असूनही पेटत नाही. बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास असावी आणि सेल्फ चालू असताना तिच्या टोकांवरचे व्होल्ट साडेनऊच्या खाली जाऊ नयेत. बॅटरी चांगली असूनही सेल्फ जड फिरत असेल, तर अर्थिंग पाहावे. धंद्याच्या तिसऱ्या वर्षी मी एका गाडीचे इंजिन कॉम्प्रेशन न मोजता खोलले. रिंगा ठीक, बोअर (सिलिंडरची आतली भिंत) ठीक. इंजिन आणि चॅसिस यांना जोडणारी अर्थिंगची वेणी गंजून तिच्या दोन-तीनच तारा उरल्या होत्या. मालकाचे पैसे मी परत केले, पण त्यांची गाडी तीन आठवडे माझ्याकडे अडकून पडली आणि त्या काळात त्यांना डायलिसिससाठी रिक्षाने जावे लागले, ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. तेव्हापासून ती वेणी पाहिल्याशिवाय मी कोणत्याही इंजिनाबद्दल मत देत नाही. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर वेणी बदलावी.

तिसरी गोष्ट डिझेलमध्ये एअर धरण्याची, म्हणजे डिझेलच्या नळ्यांत हवा शिरण्याची. ती धूर पाहून वेगळी ओळखता येते. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचते आहे, फक्त पेटत नाही. अजिबात धूर येत नसेल, तर डिझेलच पोचत नाही. आपल्याकडे धूर भरपूर आहे, त्यामुळे एअर हा पहिला संशयित नाही, पण काही वेळा दोन दोष एकत्र नांदतात. कोलशेतच्या एका सोसायटीतले गृहस्थ सांगत की गाडी कधी पटकन सुरू होते आणि कधी अजिबात नाही, आणि त्याचा थंडीशी मेळ लागत नाही. चौकशी केली, तेव्हा कळले की पार्किंगच्या उतरत्या रॅम्पवर गाडी तोंड वर करून लावली, तरच त्रास होतो. नोझलवरून टाकीकडे परत जाणारी रबरी नळी उकलली होती. रात्रभरात तिथून हवा आत शिरे आणि डिझेल मागे टाकीत उतरून जाई. नळीचा एक तुकडा बदलून काम झाले. फिल्टरच्या डोक्यावरचा हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवण्याचा पंप), नळ्या जोडणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर आणि या परतीच्या नळ्या, एवढ्या जागा आधी पाहाव्यात. पंपाकडे जाणाऱ्या नळीत पारदर्शक नळीचा एक तुकडा तात्पुरता बसवला, तर सकाळी बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. फिल्टरच्या तळाचे पाणीही दिवाळीच्या सुमारास काढून टाकावे, कारण पावसाळ्याच्या चार महिन्यांत टाकीत दमटपणाचे पाणी साचते.

इथपर्यंत सर्व ठीक निघाले, तरच कॉम्प्रेशनकडे वळावे, आणि तेही अंदाजाने नव्हे. हिटर प्लग काढलेलेच आहेत, त्याच भोकात अडॅप्टर बसवून दाब मोजणारा डिझेलचा गेज लावता येतो. पेट्रोल गाडीचा गेज इथे चालत नाही, कारण डिझेलचे दाब पेट्रोलच्या दुपटीहून अधिक असतात. आकडा किती असावा हे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे ठरते, परंतु त्याहूनही चार सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा आहे. चारही सारखेच थोडे उतरले असतील, तर ते वयोमानाचे आहे आणि चांगल्या हिटर प्लगांवर असे इंजिन ठाण्याच्या थंडीत अजून बरीच वर्षे निघते. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल, तर आधी व्हॉल्व्ह उघडणारा टॅपेट तपासावा, कारण तो घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाब तिथून गळतो. काही जण पेट्रोल इंजिनाप्रमाणे सिलिंडरमध्ये तेल ओतून पुन्हा मोजतात. डिझेलमध्ये पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा इतकी थोडी असते की तेल जास्त झाले, तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो; ते करू देऊ नये. टायमिंग बेल्ट एक दात सरकला असेल किंवा पंपाचे टायमिंग (डिझेल सोडण्याची वेळ) मागे गेले असेल, तरीही गार इंजिनाला असाच पांढरा धूर येतो. बेल्ट अलीकडे बदलला असेल, तर हे आवर्जून तपासून घ्यावे.

एक फरक सांगणे आवश्यक आहे. आपला धूर मिनिटभरात विरतो. तो इंजिन तापल्यावरही येत राहिला, त्याला गोडसर वास असला आणि रेडिएटरमधले कूलंट कमी होत असले, तर हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सीलचा) विचार करावा लागेल. ते प्रकरण वेगळे आहे आणि त्यात गाडी चालवत राहू नये.

तपासणी होईपर्यंत गाडी सुरू करण्याची पद्धत अशी ठेवावी. दिवे, पंखा, एसी बंद ठेवावे. क्लच पूर्ण दाबावा, म्हणजे सेल्फला गिअरबॉक्समधले घट्ट झालेले तेल ओढावे लागत नाही. चावी फिरवून दिवा विझेपर्यंत थांबावे, चावी बंद करावी आणि हीच क्रिया पुन्हा एकदा करावी. एखाद-दोन प्लग मेले असले, तरी उरलेल्यांना तापायला अधिक वेळ मिळतो. नंतर दहा सेकंदांपर्यंतच सेल्फ मारावा आणि न सुरू झाल्यास अर्धा मिनिट थांबावे, अन्यथा सेल्फची वाइंडिंग जळते. सुरू झाल्यावर अॅक्सिलरेटर दाबून गुरगुरवू नये, कारण तेल वर पोचायला काही सेकंद लागतात. बंदिस्त बेसमेंटमध्ये इंजिन तापवत उभे राहू नये; गाडी लगेच बाहेर काढून कमी वेगाने चालवली की ती अधिक लवकर आणि अधिक चांगली तापते. तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचेच असावे. आवाज कमी व्हावा म्हणून काही ठिकाणी जाड तेल भरतात, त्याने पहाटेचा सेल्फ जड होतो.

एअर फिल्टर काढून आत ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारणे किंवा पेट्रोलचा बोळा धरणे, हे दोन्ही प्रकार मी अनेकदा पाहिले आहेत आणि त्यांना माझा ठाम विरोध आहे. लाल झालेल्या हिटर प्लगजवळ ईथरची वाफ गेली की ती पिस्टन वर पोचण्याआधीच स्फोटासारखी पेटते. तुटलेल्या रिंगा आणि तडा गेलेले पिस्टन मी यामुळे हातात घेतले आहेत. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा सल्लाही कोणी देईल. ठाण्याच्या हवेत डिझेल गोठत नाही, त्यामुळे त्याचा काही उपयोग नाही, आणि नोझलकडे डिझेल पाठवणाऱ्या रोटरी पंपाला डिझेलच वंगण पुरवत असल्याने रॉकेलने पंप झिजतो. डिझेलमधले मेण धरण्याचा प्रश्न हिमाचल, लडाख यांसारख्या ठिकाणी येतो; लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल आणले ते त्याचसाठी. महाबळेश्वर किंवा नाशिकला जाताना आपल्याला त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

माझा अंदाज आहे की आपले किमान दोन हिटर प्लग मेलेले निघतील. तसे न निघाल्यास आणि गोष्ट इंजिन खोलण्यापर्यंत आलीच, तर परवानगी देण्यापूर्वी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन आपल्यासमोर मोजून घ्यावे आणि ते चार आकडे तारखेसह बिलाच्या कागदावर लिहून मागावेत. फिटर ते द्यायला तयार नसेल, तर गाडी तिथून उचलावी.